उपटण्याचे शास्त्र

ऑस्ट्रेलियातल्या शाळा पालकांना ज्या ज्या कामाला बोलावतात, त्याचा अभ्यासाशी संबंध असेलच असे नाही. सॉसेज भाजायला बोलावतात, केक विकायला बोलावतात, पोहण्याच्या शर्यतीत स्टॉपवॉच धरून काठावर उभे राहायला बोलावतात. त्यामुळे आमच्या चिरंजिवांच्या शाळेने जंगल दुरुस्त करायला बोलावले, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. वाटले ते सासरेबुवांना. ते महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणात सबंध नोकरी काढून निवृत्त झालेले, आणि लेकीकडे सिडनीला आलेले. सबंध आयुष्यात आपल्या खात्याखेरीज कोणी जंगलाची चौकशी केलेली त्यांनी पाहिली नव्हती. इथे चौथीतल्या नातवाची शाळा ती करत होती.

सिडनी वालुकाश्माच्या पठारावर वसलेली आहे. सपाटीवर घरे झाली आणि जिथे घर बांधणे परवडत नाही त्या घळींमध्ये झाडी उरली. शाळेच्या मागच्या कुंपणापलीकडे अशीच एक घळ आहे. तिला इथे ‘बुश’ म्हणतात. मराठी माणसाने बुश पहिल्यांदा पाहिले की त्याला वाटते, नगरपालिकेचा संप चालू असावा. झाडांच्या साली लोंबत असतात, मोडलेली फांदी जिथे पडली तिथेच असते, खाली वाळक्या पानांचा घोट्याएवढा थर. आणि गंमत म्हणजे हे सगळे तसेच ठेवायचे असते. त्या पसाऱ्यात जे नीटनेटके, हिरवेगार आणि टवटवीत दिसते, तेच काढून टाकायचे असते. कारण ते बाहेरून आलेले तण.

जुलैचा शेवटचा शुक्रवार हा ऑस्ट्रेलियात शाळांचा वृक्षदिन. १९९६ पासून हे चालू आहे. ‘आपला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १९५० पासून. कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला,’ सासरेबुवांनी लगेच आपले ज्येष्ठत्व नोंदवले. फरक एवढाच की आपल्या जुलैत पाऊस असतो आणि इथल्या जुलैत थंडी. शाळेच्या सूचनेत लांब बाह्या, बंद बूट, हातमोजे, सनस्क्रीन आणि कान-मान झाकणारी टोपी एवढे आणायला सांगितले होते. सासरेबुवा माकडटोपी घालून निघाले. मला धाकधूक होती. पण दारातल्या शिक्षिकेने सगळ्या पालकांवरून नजर फिरवली आणि नियमात बसणारी टोपी फक्त यांचीच आहे असे जाहीर केले. तिथून पुढे त्यांचा आत्मविश्वास वाढत गेला.

घळीच्या तोंडाशी एक ट्रे, ब्रश आणि स्पिरिटची बाटली ठेवली होती. आत शिरण्यापूर्वी बुटांचे तळवे साफ करायचे, कारण फायटोफ्थोरा नावाचा मुळे कुजवणारा एक सूक्ष्म जीव बुटाच्या मातीतून जंगलात शिरतो आणि उभी झाडे मारतो. बुटांचे काहीतरी चालले आहे एवढे पाहून सासरेबुवांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि मोज्यांवर आत निघाले. त्यांना परत बोलावून बूट का घालायला हवेत ते समजावण्यात आले. त्या समजावण्यात साप, गोचीड आणि फनेल-वेब कोळी यांचा उल्लेख आला. ‘घाबरू नका,’ शिक्षिका म्हणाल्या, ‘१९८१ मध्ये प्रतिविष निघाल्यापासून त्या कोळ्याने कोणाचा जीव घेतलेला नाही.’ ‘म्हणजे त्याआधी घ्यायचा,’ सासरेबुवा मला मराठीत म्हणाले आणि त्यांनी बुटाच्या नाड्या दुहेरी बांधल्या.

कार्यक्रमाची सुरुवात या जमिनीच्या मूळ रहिवाशांना, दारुग लोकांना, आदरपूर्वक स्मरून झाली. मनोगत एका मिनिटात संपले. हार नाही, नारळ नाही, सूत्रसंचालक नाही. सासरेबुवांना वाटले ही रंगीत तालीम आहे. ते बराच वेळ प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत राहिले.

प्रमुख पाहुण्या तिथेच गुडघ्यावर बसून माती चाचपत होत्या. ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई, परिसरातल्या बुशकेअर गटाच्या कार्यकर्त्या. त्यांच्या कमरेला कात्री, खुरपे आणि छोटी करवत लटकत होती. सासरेबुवांनी त्यांना मुद्द्याचे विचारले, ‘खड्डे कुठे आहेत?’ दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. त्यांच्या नोकरीची तीसेक वर्षे या मापात गेली होती. आजीबाई म्हणाल्या, ‘खड्डे नाहीत. आज फारसे काही लावायचे नाहीच. उपटायचे आहे.’

इथे मला ब्रॅडली भगिनींची कथा दुभाष्या म्हणून सांगावी लागली. जोन आणि आयलीन ब्रॅडली या सिडनीच्या मॉसमन भागातल्या दोन बहिणी. १९६०च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की घराजवळच्या झाडीत माणसे कोयते घेऊन तण सपासप साफ करतात आणि थोड्याच दिवसांत तेच तण दुप्पट जोमाने परत येते. म्हणून त्यांनी उलटा मार्ग धरला. जंगल जिथे सर्वांत चांगले आहे तिथून सुरुवात करायची, जिथे सर्वांत वाईट आहे तिथून नव्हे. माती शक्य तितकी कमी उकरायची. काढलेला पाचोळा परत जागच्या जागी पसरायचा. आणि मूळची झाडे जेवढ्या वेगाने मोकळी जागा भरतील तेवढ्याच वेगाने तण काढायचे. त्याहून एक वीतही जास्त नाही. कारण चांगल्या झाडीतल्या मातीत मूळच्या वनस्पतींचे बी पडून असतेच. त्याला फक्त जागा आणि उजेड हवा असतो. उलट सगळे एकदम साफ केले, तर उघड्या मातीवर पहिला नंबर तणच लावते. त्यांची ही पद्धत आज ऑस्ट्रेलियात शिकवली जाते.

‘सर्वांत चांगल्या भागातून सुरुवात?’ सासरेबुवांना हे पटेना. ‘आमच्याकडे जिथे काहीच नाही तिथून सुरू करतात. म्हणजे केलेले दिसते तरी.’ मग त्यांनी विचारले, ‘यंदाचं टार्गेट काय?’

आजीबाईंनी खुरप्याने दाखवले. ‘इथून त्या दगडापर्यंत.’

‘आणि गेल्या वर्षी?’

‘गेल्या वर्षीही त्या दगडापर्यंतच होते,’ आजीबाई शांतपणे म्हणाल्या. ‘पण मध्येच फर्नचे कोंब दिसले. मग आम्ही थांबलो.’

टार्गेट अपुरे राहिल्याचे कारण म्हणून ‘कोंब दिसले’ असे लिहिता येते, हे सासरेबुवांना आपण निवृत्त झाल्यानंतर कळावे, याचे त्यांना फार वाईट वाटले.

काम सुरू झाले. मुले आनंदात होती, कारण शाळेनेच मोडतोडीला परवानगी द्यावी असे प्रसंग लहानपणी फार येत नाहीत. पालकांचा उत्साह जरा मापात होता. आमच्या ओळीत एक दंतवैद्य, एक बँकवाले आणि माझ्यासारखेच संगणकावर पोट भरणारे एक सोलापूरकडचे गृहस्थ होते. अर्ध्या तासाने त्यांनी कंबर धरली आणि म्हणाले, ‘अहो, ही तर निंदणी! आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात निंदणी केली ती मला हे करायला लागू नये म्हणून. आणि इथं मी शनिवार-रविवारचं जमत नाही म्हणून शुक्रवारी रजा टाकून करतोय.’

तेवढ्यात खालच्या अंगाने सासरेबुवांचा हर्षभरित आवाज आला. त्यांना माणूस भेटावा तशी घाणेरी भेटली होती. तीच खरखरीत पाने, तोच वास, तीच गुलाबी-पिवळी फुले. ‘अहो, ही आपली टणटणी! हिची काळी बोरं खाल्ल्यावाचून आमची शाळा सुटायची नाही.’ परमुलुखात गाववाला भेटल्याचा आनंद आजीबाईंनी फार टिकू दिला नाही. ती इथली शत्रू क्रमांक एक आहे, त्यांनी सांगितले. शोभेचे झुडूप म्हणून १८४१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणली आणि आता चाळीस लाख हेक्टरांवर पसरली आहे. मी पुस्ती जोडली की ती आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात उतरली, तीही शोभेसाठीच. तिथून निघून तिने आपल्या टेकड्या आणि अभयारण्ये कधी व्यापली ते कोणाला कळलेही नाही.

‘मग काढून टाकू सगळी!’ सासरेबुवांनी बाह्या सरसावल्या. आजीबाईंनी पुन्हा हात धरला. सगळी एकदम काढायची नाही. निळ्या डोक्याचे, शेपटी उभी धरून उड्या मारणारे इवलेसे रेन पक्षी मांजरांपासून आणि मोठ्या पक्ष्यांपासून जीव वाचवायला याच काट्यात लपतात. आधी शेजारी मूळची झुडपे दाट होऊ द्यायची; पक्ष्यांनी बिऱ्हाड हलवले की मग या बाजूची घाणेरी. म्हणजे अतिक्रमण हटवायचे, पण आधी भाडेकरूंचे पुनर्वसन करून. सासरेबुवांनी हातातले खुरपे खाली ठेवले. असे कुठे घडते यावर त्यांचा विश्वास बसायला जरा वेळ लागला.

थोडीफार लागवड होती, ती शाळेलगतच्या वरच्या पट्ट्यात, जिथे मातीत काहीच उरलेले नव्हते. त्यासाठीची रोपे मुलांनी शाळेच्याच रोपवाटिकेत वाढवली होती. बी मात्र कुठूनही आणलेले चालत नाही. याच परिसरातल्या झाडांचे हवे. या बाबतीत हे लोक वधूवर सूचक मंडळाच्या वर आहेत. जात तीच, पोटजात तीच, आणि स्थळही पंचक्रोशीतलेच. सासरेबुवांनी सिल्व्हर ओक सुचवून पाहिला. आपल्याकडे त्याला अस्सल ऑस्ट्रेलियन म्हणून ओळखतात. आजीबाईंनी मान हलवली. तो क्वीन्सलंड आणि न्यू साऊथ वेल्सच्या उत्तर टोकाचा, सिडनीत तो उपराच. कूटामुंड्राची पिवळी वॉटल? तिचे मूळ गाव न्यू साऊथ वेल्सच्या आत कुठेतरी, पण या घळीतले नव्हे, म्हणून तीही तण. देशी असूनही परकी ठरलेली ही यादी ऐकताना सोलापूरकर गृहस्थ मला हळूच म्हणाले, ‘पुण्यात मला असंच वाटायचं.’

मग सासरेबुवांपुढे एक ट्रे आला आणि ते गप्प झाले. लांबट, निळसर हिरवी पाने. एक पान त्यांनी चुरगळून नाकाशी धरले. फॉरेस्ट रेड गम, आजीबाई म्हणाल्या. नीलगिरी, सासरेबुवा म्हणाले. दोघांचेही बरोबर होते. याच जातीपासून निघालेली ‘म्हैसूर गम’ आपल्याकडे भारतभर लावली गेली, आणि १९८०च्या दशकात ती सासरेबुवांच्या खात्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून बांधाबांधावर गेली. त्याच नीलगिरीने पाणी शोषले म्हणून पुढे त्यांना ग्रामसभांतून बोलणी खावी लागली होती. इथे त्याच रोपासमोर सात-आठ मुले गुडघे टेकून बसली होती. कोणी पाणी घालत होते, कोणी तीन काठ्या रोवून भोवती प्लास्टिकचे कवच लावत होते, एक मुलगी रोपाला नाव ठेवत होती. सासरेबुवांनी ते सगळे पाहिले आणि म्हणाले, ‘आम्ही ट्रकमधून खाली टाकायचो.’

खरे तर या दोन देशांत झाडांची जी देवघेव झाली आहे, तिचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. त्यांनी आपल्याला नीलगिरी दिली, सुरू दिला, सिल्व्हर ओक दिला आणि कोकणात रस्त्याकडेला दिसते ती ऑस्ट्रेलियन बाभूळ दिली. आपणही हात आखडता घेतला नाही. आपली साधी, काटेरी, शेळ्यांची आवडती बाभूळ क्वीन्सलंडमध्ये गेली. १९२६ मध्ये तिथल्या कृषी खात्याने मेंढ्यांना सावली होते म्हणून ती लावण्याची शिफारस केली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पेरले आणि लाखो हेक्टर कुरणांत बाभळीचे रान माजले. आज ती त्या देशाच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांमध्ये आहे. ही हकिगत सासरेबुवांना मी सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान पसरले. ‘शिफारस खात्याचीच होती ना?’ त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. ‘खातं म्हणजे खातं. गोरं असो की काळं.’

पण हे समाधान रात्रीच्या जेवणापर्यंतच टिकले. चिरंजिवांना शाळेतून प्रकल्प मिळाला होता, विषय ‘आपल्या परिसरातले उपद्रवी पक्षी’, आणि त्यात पहिला मान होता ‘इंडियन मैना’ला. आपली साळुंकी. झाडांच्या ढोल्या बळकावते, पोपटांना आणि इतर पक्ष्यांना हुसकून लावते, उकिरड्यावर जेवते आणि कर्कश ओरडते.

‘आजोबा, ती आपली आहे का?’

सासरेबुवांनी वरणभात बाजूला सारला. ‘तिला इथे आणली कोणी?’

चिरंजिवांनी वही उघडली. १८६२, मेलबर्न. भाजीच्या मळ्यांतले किडे खावेत म्हणून वसाहतीतल्या साहेबांनी आणली.

‘म्हणजे कामाला बोलावून आणलेली,’ सासरेबुवा म्हणाले. ‘काम झालं, आता उपद्रवी. लिही तसंच.’ प्रकल्पात काय लिहिले गेले ते ठाऊक नाही, पण ‘इंडियन’ हा शब्द खोडून तिथे ‘कॉमन’ लिहिलेले मी पाहिले. शास्त्रीय दृष्ट्याही ते बरोबरच आहे.

पुढच्या आठवड्यात घळीतून तातडीचा निरोप आला. लावलेल्यांपैकी बरीच रोपे उखडलेली होती आणि अंथरलेला पालापाचोळा गायब होता. संशयित सापडायला वेळ लागला नाही. तो तिथेच उभा होता. लाल डोके, गळ्यात पिवळी झालर, कोंबडीपेक्षा मोठा देह: ब्रश टर्की. याचा नर अंडी उबवायला पाचोळ्याचा ढीग रचतो, मीटरभर उंच आणि तीन-चार मीटर रुंद. पाचोळा कुजला की ऊब तयार होते आणि अंडी त्यात उबतात. एवढ्या कामाला पाचोळा लागतो, आणि शाळेने तो आयता, बारीक करून, एका ठिकाणी आणून दिला होता.

पालकांची बैठक बसली. इथे पेच असा होता की हा पक्षी शंभर टक्के मूळचा. कायद्याने संरक्षित. याला पकडायचे नाही, हाकलायचे नाही, ढीग मोडायचा नाही. मूळची झाडे परत आणण्याचे काम मूळचा पक्षीच मोडून काढत होता आणि कायदा पक्ष्याच्या बाजूला होता. दंतवैद्यांनी जाळी सुचवली, बँकवाल्यांनी निधी नसल्याचे सांगितले, शेवटी रोपांभोवती दगड रचायचे ठरले. बैठकभर सासरेबुवा एका शब्दाने बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘हा पक्षी मी ओळखतो. याची बदलीही होत नाही.’

त्या घळीत नियमित जाऊ लागल्यावर मला एक गोष्ट कळली. जंगल परत आणायला सर्वांत जास्त लागतो तो धीर, आणि तो माणसाच्या एका आयुष्यात बसत नाही. म्हणून हे काम शाळेकडे असणे सोयीचे. पालकांचा उत्साह दोन वर्षांत संपतो, कार्यकर्त्यांचे गुडघे कधीतरी संपतात, पण शाळेत दर वर्षी उपटायला नवे हात दाखल होतात. सहावीतली मुले शाळा सोडताना पुढच्यांना दगड दाखवून जातात: इथपर्यंत आम्ही आणले. त्यांनी लावलेल्या झाडांना पोपट राहतील अशा ढोल्या पडायला शंभराहून जास्त वर्षे लागतील. एवढी लांबची मुदत पाहून मुले मुळीच दबत नाहीत. त्यांना शाळेचे एक वर्षही तितकेच लांब वाटते.

परत जाण्याआधी सासरेबुवांना उतारावर एक गवत दिसले. तांबूस, झुबकेदार तुऱ्यांचे. कांगारू गवत म्हणतात त्याला. तीच जात, थेमेडा ट्रायअँड्रा, भारतातही मूळचीच. या सगळ्या देवघेवीच्या खटल्यात दोन्ही देशांत निर्दोष सुटलेला आरोपी मला हाच एक आढळला. सासरेबुवा गवतापाशी थांबून म्हणाले, ‘आमच्या टेकडीवर असलं गवत होतं. त्यावरच आम्ही ग्लिरिसिडियाची झाडं लावली.’ मी त्यांना सांगितले की अलीकडे संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख तपासले आहेत आणि पश्चिम महाराष्ट्राचा कमी पावसाचा पट्टा निदान ७५० वर्षांपासून गवताळ माळरानच आहे असे दाखवले आहे. तिथे दाट जंगल तोडले गेले म्हणून नव्हे, तर ते मुळातच नव्हते म्हणून झाडे विरळ आहेत. बाभूळ, हिवर, पळस आणि उरलेले सगळे गवत. ‘म्हणजे तिथेही आधी उपटायलाच हवं,’ ते म्हणाले.

आता ते गावी आहेत आणि कामाला लागले आहेत. गावच्या शाळेमागे टेकडी आहे. तिच्यावर घाणेरी आहे, ग्लिरिसिडिया आहे आणि २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीचा एक गंजलेला फलकही आहे. मुख्याध्यापकांना योजना सांगितली: दर वर्षी थोडी थोडी घाणेरी, चांगल्या गवताकडून वाईटाकडे, मुलांच्या हातांनी. मुख्याध्यापकांना ती पटली. पण त्यांनी दोन अडचणी काढल्या. पहिली, वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात ‘लावलेली रोपे: संख्या’ असा रकाना आहे, ‘उपटलेली’ असा नाही, आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही. दुसरी, उद्घाटनाला पाहुणे बोलावले तर फोटो कसा काढायचा? झाड लावताना माणूस कॅमेऱ्याकडे पाहून हसू शकतो. उपटताना तोंड जमिनीकडे जाते आणि कॅमेऱ्याकडे भलतेच काही येते. शिवाय यंदाच्या पाहुण्यांना डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे.

काल सासरेबुवांचा फोन आला. तोडगा निघाला आहे. घाणेरीचे एक बरेसे झुडूप आदल्या दिवशी मुळासकट काढायचे, कुंडीत लावायचे आणि कुंडी मंचावर टेबलावर ठेवायची. पाहुणे ते उभ्याउभ्या, कॅमेऱ्याकडे पाहत उपटतील. आणि अहवालातल्या रकान्यात लिहायचे: लावलेली रोपे, एक.